ड्रोनच्या फुटेजमध्ये गाड्या कमी मोजल्या जातात? मॉडेलला हात लावण्याआधी बाईकचे पिक्सेल मोजा

ठाण्याच्या तीन हात नाक्याचं, ड्रोनने वरून घेतलेलं सकाळी साडेनऊचं फुटेज आणि निकालाच्या तक्त्यात दुचाक्यांपेक्षा मोटारी जास्त! त्या सिग्नलला एकदा जरी उभा राहिलेला माणूस हा तक्ता बघून हसेल. तरीही असा तक्ता घेऊन दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी येतंच. कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, कधी वाहतूक मोजणीचं छोटं काम घेतलेला एखादा. सगळ्यांचं म्हणणं एकच: "दादा, मॉडेल नीट चालत नाही, नवीन ट्रेन करून द्याल का?" (मॉडेल म्हणजे चित्रातल्या गाड्या ओळखणारा प्रोग्राम, ट्रेन करणं म्हणजे त्याला उदाहरणं दाखवून शिकवणं.) दहातल्या सात-आठ वेळा मॉडेलचा काहीही दोष नसतो. पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

आपलं दुखणं यातलं कोणतं ते आधी ओळखा. एकाच फुटेजमध्ये दोन-तीन एकत्रही असतात.

– बस, ट्रक, मोटारी ठीक सापडतात, रिक्षा निम्म्याशिम्म्या, दुचाक्या जवळजवळ नाहीतच.
– रस्ता वाहता असताना मोजणी बरी, पण कोंडी झाली की आकडा एका जागी ठप्प.
– मोटारीवर 'मोबाईल फोन' किंवा 'सुटकेस' असं लेबल.
– उरण फाट्याकडचा कंटेनर ट्रेलर एक, मोजणीत दोन.
– तुर्भ्याला एपीएमसीच्या घाऊक बाजारात तिरके उभे केलेले ट्रक एकाआड एक गायब.
– मे महिन्यात चाललेली व्यवस्था डिसेंबरात सावल्यांनाही गाड्या म्हणते.
– एकेक फ्रेम बघितली तर सगळं बरोबर, पण मोजणीसाठी चित्रावर आखलेली रेषा ओलांडणाऱ्या गाड्यांचा आकडा भलताच.

कुठल्याही तपासणीआधी एक मिनिटाचं फुटेज हाताने मोजा. दोघांनी वेगवेगळं, कागदावर, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा. हा कंटाळवाणा मिनिट नसेल, तर पुढे काहीही बदललं तरी सुधारलं की बिघडलं हे कळायला मार्गच नाही. स्क्रीनवर मॉडेलने गाड्यांभोवती काढलेले हिरवे चौकोन जास्त दिसायला लागले म्हणून सुधारलं असं समजणारे बरेच भेटलेत.

फाइल कुठून आली?

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. फुटेज व्हॉट्सॲपवर आलं असेल तर ते दाबलेलं असतं. फोनवरच्या ड्रोन-ॲपमधून उतरवलं असेल, तर बऱ्याचदा हातात मूळ फाइल नसते, झटपट बघण्यासाठी बनवलेली छोटी प्रत असते. फाइलची माहिती उघडा. ३८४० बाय २१६० ऐवजी १२८० बाय ७२० दिसलं, तर तुमचा आजार तिथेच सापडला.

दाबताना सगळ्यात आधी जातात ते बारीक तपशील. पांढरी मोटार दाबली तरी पांढरा चौकोन उरतो. काळी बाईक, काळं डांबर आणि वर काळं हेल्मेट, हे मात्र एकमेकांत विरघळून जातं. मेमरी कार्ड काढा, रीडरला लावा, मूळ फाइल घ्या. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बाईक किती पिक्सेलची आहे?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, तुम्हीही घालवा.

उदाहरणाला एक इंची सेन्सरचा ड्रोन घेऊ. त्या सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर असते आणि अशा कॅमेऱ्यांत लेन्सचं फोकल अंतर साधारण ८.८. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की येतात दीड. म्हणजे १०० मीटर उंचीवरून सरळ खाली बघितलं, तर चित्रात जमिनीची १५० मीटर रुंदी मावते. (काही ड्रोन व्हिडिओ घेताना सेन्सरच्या कडा कापतात, तेव्हा रुंदी कमी भरते. आपल्या ड्रोनची माहितीपत्रिका बघा.) १५० मीटर भागिले ३८४० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ३.९ सेंटिमीटरचा. जेमतेम दोन मीटर लांब आणि हँडलपाशी ७० सेंटिमीटर रुंद असलेली बाईक यात सुमारे ५० बाय १८ पिक्सेलची दिसते. झकास.

आता मेख इथे आहे. या कामाला सर्रास वापरतात ती योलो घराण्यातली बहुतेक मॉडेलं तुम्ही काही सांगितलं नाही, तर चित्र ६४० पिक्सेलवर आणून मग बघतात. तेच १५० मीटर ६४० मध्ये कोंबले, की एक पिक्सेल २३ सेंटिमीटरचा होतो आणि तुमची बाईक उरते ८ बाय ३ पिक्सेलची. त्यात या मॉडेलची सगळ्यात बारीक चाळणी ८ पिक्सेलच्या घरांची असते. अख्खी बाईक एका घरात, तीसुद्धा कोपऱ्यात अंग चोरून. मोटार १७ बाय ७ ची भरते, म्हणून सापडते. बस ५० पिक्सेल लांब असते, ती झोपेतही सापडेल. पहिलं लक्षण आठवा: बस ठीक, रिक्षा निम्म्या, दुचाक्या नाहीत. हा पिक्सेलचा हिशोब आहे, अकलेचा नाही.

उपाय स्वस्त आहे. चित्राचा आकार १२८० करून एकच फ्रेम चालवून बघा, मग १९२० करून. १२८० ला बाईक १६ बाय ६ ची होते, १९२० ला साधारण २५ बाय ९ ची. माझा ठोकताळा असा की बाईकची रुंदी दहाच्या आसपास आली की मोजणीवर विश्वास ठेवायला सुरुवात करावी. आकार दुप्पट केला की काम चौपट होतं, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर रात्रभर चालू ठेवावं लागेल. ठेवा. नवीन मॉडेल ट्रेन करण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

हिशोब करताना उंचीचा आकडा कुठला घेताय तेही बघा. ड्रोन दाखवतो ती उंची, तो जिथून उडाला त्या जागेपासूनची असते. घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाडा भागात सोयीचं म्हणून वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून उडवतात. स्क्रीनवर ६० मीटर दिसतात, पण खालच्या रस्त्यापासून ड्रोन १२० मीटरवर असतो आणि पिक्सेल निम्मे होतात. वर नियमाने घातलेली १२० मीटरची मर्यादाही तिथेच संपते. एकाने अशी दोन दिवसांची मोजणी वाया घालवली होती आणि दोष कॅमेऱ्याला देत होता. खात्री करायची तर फ्रेममधली एखादी लाल एसटी शोधा आणि तिचे पिक्सेल मोजा. लांबी साधारण ११-१२ मीटर धरून भागाकार केला की खरी उंची उघडी पडते.

आणि जे दिसतच नाही ते मोजता येत नाही. मेट्रोचा पूल किंवा उड्डाणपूल डोक्यावर असेल, तर त्याच्या खालचा रस्ता वरच्या कॅमेऱ्याला आंधळाच. तेवढा भाग नकाशावर खूण करून मोजणीतून वगळा, किंवा तिथे खांबावरचा कॅमेरा वापरा.

सेटिंगमधले दोन आकडे

कोंडीत आकडा ठप्प होतो त्यांच्यासाठी: तो ३०० वर ठप्प होतोय का? योलो-८ आणि त्यानंतरच्या पॅकेजमध्ये एका चित्रात जास्तीत जास्त ३०० वस्तू दाखवायची मर्यादा मुळातच घातलेली असते. संध्याकाळी माजिवड्याला आठ मार्गिका, सेवा रस्ता आणि मधल्या फटीफटीतून घुसलेल्या दुचाक्या एका फ्रेममध्ये आल्या, की ३०० ओलांडायला वेळ लागत नाही. मॉडेल खात्रीच्या क्रमाने वरचे ३०० ठेवतं, त्यामुळे कमी खात्रीच्या दुचाक्या पहिल्या बाहेर फेकल्या जातात. मर्यादा १००० करा. एक मिनिटाचं काम.

दुसरा आकडा खात्रीच्या उंबरठ्याचा, म्हणजे मॉडेलला किमान किती खात्री असली की गाडी धरायची. मुळात तो ०.२५ असतो. तो ०.१ वर आणून गाड्या 'वाढवायचा' मोह होतो, पण मग दुभाजकावरच्या कुंड्या आणि रस्त्यावरचे बाणही गाड्या होतात. हाताने मोजलेला मिनिट समोर ठेवून ०.१५, ०.२, ०.२५, ०.३ असं चालवून बघा आणि प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी चुकलेल्या आणि जास्तीच्या दोन्ही लिहा. नुसती बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका. दहा बाईक सुटल्या आणि दहा कुंड्या मोजल्या तरी बेरीज जुळतेच.

मॉडेल शिकलंय कशावर?

मोटारीला 'मोबाईल फोन' म्हणणारं मॉडेल बहुधा कोको या चित्रसंचावर शिकलेलं असतं. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत, पण फोटो बहुतेक माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले. वरून दिसणारी काळी चकचकीत मोटार त्याला टेबलावरच्या फोनसारखीच दिसते, त्याचं काय चुकलं? रिक्षा तर त्या ८० मध्ये नाहीच.

वरून काढलेल्या चित्रांवर शिकलेली तयार मॉडेलं फुकट मिळतात. व्हिजड्रोन हा चीनमधल्या ड्रोन-चित्रांचा संच आहे. त्यात मोटार, व्हॅन, ट्रक, बस, मोटरसायकल आणि टप असलेली तीनचाकी असे प्रकार आहेत. तो तीनचाकीचा प्रकार आपल्या रिक्षाच्या जवळ जातो, पण ती आपली रिक्षा नव्हे. डोटा नावाचा संच विमान-उपग्रहांवरून काढलेल्या चित्रांचा आहे आणि त्यात गाड्यांचे फक्त 'लहान वाहन' आणि 'मोठं वाहन' असे भेद आहेत. एकूण गर्दी बघायची असेल तर तो पुरेसा. रिक्षा वेगळी हवी असेल तर पुढे स्वतःचं लेबलिंग, म्हणजे फ्रेममधल्या प्रत्येक गाडीभोवती हाताने चौकोन आखून तिचा प्रकार लिहिणं, अटळ आहे. हैदराबादच्या आयआयआयटीच्या भारतीय रस्त्यांवरच्या संचात रिक्षा आहे, पण ती रस्त्यावरून दिसणारी. वरून बघायला तिचा उपयोग नाही. हे मी स्वतः एक आठवडा घालवून शिकलोय.

ट्रेलर दोनदा का मोजला जातो?

चित्र मोठं केल्यावरही भागलं नाही की लोक तुकडे पाडतात. एका ४-के फ्रेमचे ६४० चे चौकोन करायचे, प्रत्येकावर मॉडेल चालवायचं आणि निकाल पुन्हा जोडायचा. साही नावाचं तयार साधन हेच करतं. दुचाक्यांसाठी हा रामबाण आहे, पण ट्रेलरची वाट लावतो.

दोन तुकडे एकमेकांवर किती चढवायचे, इथे चूक होते. २० टक्के चढवले तर ६४० चे होतात १२८ पिक्सेल, म्हणजे वरच्या हिशोबाने ५ मीटर. मोटार त्यात मावते. जेएनपीटी बंदरातून येणारा चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर घोड्यासकट (पुढच्या ओढणाऱ्या ट्रकसकट) १५-१६ मीटरचा असतो, तो तुकड्यांच्या सांध्यावर आला की कुठल्याच तुकड्यात अख्खा सापडत नाही. एका तुकड्यात तोंड, दुसऱ्यात शेपूट, आणि मॉडेलच्या दृष्टीने दोन ट्रक. तुकडा १२८० चा करा आणि ३५ टक्के चढवा: ४४८ पिक्सेल, साडेसतरा मीटर. मग ट्रेलर एका तरी तुकड्यात पुरा येतो. शिवाय तुकड्यांबरोबर अख्खी फ्रेमही एकदा चालवा. जोडताना दोन चौकोन किती जुळतात हे एकूण क्षेत्रफळाच्या हिशोबाने न बघता लहान चौकोनाच्या हिशोबाने बघा, म्हणजे उरलेलं शेपूट मोठ्या चौकोनात गिळलं जातं.

एपीएमसीतल्या गायब ट्रकांचं गणित याच्या उलट आहे. तिथे दोन खरे ट्रक एक समजून पुसले जातात. १२ मीटर लांब, अडीच मीटर रुंद ट्रक ४५ अंशात उभा असेल, तर त्याच्याभोवतीचा सरळ चौकोन सव्वादहा मीटरचा होतो. अर्ध्या मीटरची फट ठेवून शेजारी दुसरा ट्रक लावला, की दोन्ही चौकोनांचा जुळणीचा आकडा (सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेलं क्षेत्रफळ) ०.४६ येतो. जुन्या योलो-५ मध्ये ०.४५ च्या वर जुळलं की एक पुसायचा असा नियम मुळात असतो. झाला शेजारचा ट्रक गायब! योलो-८ पासून तो आकडा ०.७ आहे, तिथे दोघेही वाचतात. पण तो वाढवला की एकाच गाडीवर दोन चौकोन उरण्याचा धोका वाढतो. तिरकं पार्किंग हेच तुमचं काम असेल, तर कलते चौकोन काढणारं मॉडेल घ्या. योलोची तशी तयार मॉडेलं डोटावर शिकवलेली मिळतात.

रेषा आणि वेग

प्रत्येक फ्रेममध्ये गाड्या बरोबर, पण रेषेवरचा आकडा चुकीचा, तर दोष ओळखण्यात नाही, माग ठेवण्यात आहे, म्हणजे या फ्रेममधली गाडी पुढच्या फ्रेममध्ये तीच आहे हे जोडण्यात. पहिला संशयित म्हणजे वेळ वाचवायला गाळलेल्या फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेम आहेत आणि तुम्ही दर दहावी घेताय, म्हणजे दोन फ्रेममध्ये तिसरा हिस्सा सेकंद. पाम बीच रोडवर ताशी ६० ने जाणारी मोटार तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे जाते. मोटार स्वतः चार मीटरची. आधीचा चौकोन आणि नंतरचा चौकोन एकमेकांना शिवतही नाहीत, मग माग ठेवणारा तिला नवीन गाडी समजतो. बाईकचं तर दर पाचव्या फ्रेमलाही हेच होतं. दर तिसरी फ्रेम ठेवा, त्यापलीकडे जाऊ नका.

रेषा सिग्नलच्या थांबरेषेवर आखू नका. तिथे दुचाक्या इंचाइंचाने पुढे-मागे करतात आणि एकच बाईक तीनदा मोजली जाते. चौक ओलांडून गाड्या सुटतात तिथे आखा. चित्राच्या कडेलाही नको, तिथे उंच ट्रक बाहेरच्या बाजूला कलल्यासारखे दिसतात आणि शेजारची मार्गिका झाकतात.

पुन्हा उडवायची वेळ आली तर

इथून पुढे पैसे लागतात. सावलीचं दुखणं असेल तर उडवण्याची वेळ बदलणं हा पहिला उपाय. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणजे आपला शून्य सावलीचा दिवस. त्या आठवड्यातल्या फुटेजवर सगळं छान चालतं. डिसेंबरच्या शेवटी सकाळी नऊला सावली उंचीच्या जवळजवळ अडीचपट असते. तीन मीटर उंच बसची सावली सात मीटरच्या वर, म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका. त्या अंधारात उभ्या असलेल्या दुचाक्या सुटतात आणि सावलीची कड मात्र गाडी म्हणून मोजली जाते. आता गर्दीची वेळच सकाळी नऊची असेल तर दुपारी उडवून काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. अशा वेळी ढगाळ दिवस निवडा, नाहीतर खालच्या पायरीला, म्हणजे स्वतःच्या लेबलिंगला, जा. पावसाळ्यात अजून एक भर: रिक्षांच्या टपावर प्लास्टिक चढतं, ट्रकवर ताडपत्री, ओल्या डांबरात दिव्यांची प्रतिबिंबं. मेमधलं मॉडेल जुलैत जसंच्या तसं चालेल अशी आशा ठेवू नका.

स्वतःचं लेबलिंग

सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात महाग. एकच सांगतो, कारण सगळे इथेच फसतात. एकाच व्हिडिओच्या फ्रेम शिकवायला आणि परीक्षेला उलटसुलट वाटू नका. लागोपाठच्या दोन फ्रेम जुळ्या असतात, मॉडेलला पेपर आधीच फुटलेला असतो. घरी गुण उत्तम, नाक्यावर नापास. परीक्षेसाठी वेगळी जागा आणि वेगळा दिवस ठेवा: शिकवा ऐरोली-रबाळ्यावर, तपासा महापे-शीळफाट्यावर. गाड्या नसलेल्या रस्त्याच्या, कुंड्यांच्या, सावल्यांच्या फ्रेमही कोऱ्या म्हणून घाला.

कुठे थांबायचं

विमानतळाजवळ. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडतायत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. बेलापूर, उलवे, पनवेल सगळं त्यात येतं. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ६० मीटरच. आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा आणि पोलिस आयुक्तालयाचा ड्रोनबंदीचा आदेश लागू आहे का तेही विचारा. पैसे घेऊन काम करत असाल तर प्रमाणपत्र असलेला पायलटच बोलवा.

आकड्यांवरून सिग्नलची वेळ ठरणार असेल, रस्ता रुंद होणार असेल किंवा कागद कोर्टात जाणार असेल, तर वाहतूक अभियंत्याला आणा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या १९९० च्या निर्देशात दुचाकीला मोटारीच्या मानाने ०.५ ते ०.७५ भार धरतात, आणि कुठला धरायचा ते वाहतुकीतल्या दुचाक्यांच्या प्रमाणावर ठरतं. तुमच्या दुचाक्या सुटल्या की प्रमाणही चुकतं आणि भारही, चूक दुहेरी होते.

वेग मोजायचा असेल तर जमिनीवर मोजलेल्या खुणा लागतात, तिथे सर्व्हेअर हवा. नंबर प्लेट वाचून द्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा: मोटारीची प्लेट अर्ध्या मीटरची, वरच्या हिशोबाने १३ पिक्सेल, आणि तीही उभी लावलेली, वरून दिसतच नाही.

दोनदा लेबलिंग करूनही हाताच्या मोजणीशी फरक तसाच राहिला, तर तिसऱ्यांदा करू नका, हे काम रोज करणाऱ्याला गाठा. जाताना कार्डवरची मूळ फाइल, ड्रोनने लिहिलेली उंचीची नोंद, वापरलेल्या सेटिंगचा कागद आणि तो हाताने मोजलेला मिनिट बरोबर न्या. क्षितिज कललेलं दिसत असेल किंवा सरळ खाली वळवलेला कॅमेरा आपोआप वर येत असेल, तर मात्र संगणकाकडे जाऊच नका. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) सर्व्हिस सेंटरला द्या, घरी स्क्रू काढू नका.